मोठ्या टाइल कापताना आणि होल मारताना: फुप्फुसे, डोळे आणि हात कसे सांभाळाल?

पूर्वी घरात एक बाय एक किंवा दोन बाय दोन फुटांची लादी बसवली जायची. आता दोन बाय चार फुटांची, म्हणजे ६०० बाय १२०० मिमीची टाइल सर्रास दिसते. हॉलमध्ये आणि बाथरूमच्या भिंतींवर ८०० बाय १६००, तर काही ठिकाणी १२०० बाय २४०० मिमीचे स्लॅबही बसवतात. सांधे कमी दिसतात, घर मोठे वाटते आणि पुसायलाही सोपे जाते. पण टाइल कितीही मोठी असली तरी भिंतीच्या कडेला, खांबाभोवती, नळाच्या जागी, स्विच बोर्डाच्या चौकोनात ती कापावीच लागते. टाइल जितकी मोठी तितका कट लांब, आणि कट जितका लांब तितकी धूळ जास्त.

हा लेख दोघांसाठी आहे. पहिले, रोज टाइल कापणारे मिस्त्री, त्यांचे हेल्पर आणि त्यांच्या घरची माणसे. दुसरे, ज्यांच्या घरात हे काम चालू आहे ते.

थोडक्यात

- टाइलच्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात गेली की पूर्णपणे बाहेर येत नाही. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही, पण तो पूर्णपणे टाळता येतो.
- कोरडे कापणे सर्वांत घातक. शक्य असेल तिथे रेघ मारून टाइल तोडा, नाहीतर पाण्याखाली कापा.
- रुमाल, गमछा किंवा साधा कापडी मास्क या धुळीला अडवत नाही.
- डोळ्यात कण गेला तर चोळू नका, घरी काढू नका.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा आणि डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगा.

टाइलच्या धुळीत असते तरी काय?

व्हिट्रिफाइड किंवा पोर्सेलीन टाइल माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ यांच्या मिश्रणापासून बनते. मिश्रण प्रचंड दाबाखाली दाबून साधारण १२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. क्वार्ट्‌झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. भाजल्यावर त्यातला काही भाग विरघळून काचेसारखा होतो, पण बराचसा क्वार्ट्‌झ तसाच राहतो. टाइल अखंड असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो. तुमच्या घरातल्या फरशीवर चालल्याने, बसल्याने किंवा ती पुसल्याने काहीही धोका नाही. टाइलची पूड होते तेव्हाच धोका निर्माण होतो.

एक हिशेब पाहा. टाइल ९ मिमी जाडीची आहे आणि ब्लेडने दीड मिमी रुंदीची खाच पडते असे धरा. चार फुटांचा एकच कट मारला तर टाइलची ३५ ते ४० ग्रॅम पूड होते. सगळी पूड फुप्फुसात जात नाही. जाड कण खाली पडतात, मधले नाकात आणि घशात अडकतात. खरा त्रास डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण ४-५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात.

किती धूळ जास्त समजायची? अमेरिकेत २०१६ साली ठरलेल्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सिलिका असता कामा नये. काम करणारा माणूस आठ तासांत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाची मर्यादा झाली अर्धा मिलिग्रॅम, मिठाचे जेमतेम दहा कण! बंद बाथरूममध्ये कोरडा कटर चालवला की ही मर्यादा फार लवकर ओलांडली जाते.

ही धूळ शरीरात काय करते?

फुप्फुसात शिरलेल्या जंतूंना आणि कचऱ्याला गिळणाऱ्या पेशी असतात. त्या सिलिकाचा कणही गिळतात, पण तो पचवता येत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रातून सूज येते आणि फुप्फुसात गाठी व चट्टे तयार होतात. मऊ स्पंजासारखे फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. त्याचे तीन प्रकार आहेत.

- दीर्घकालीन: मध्यम प्रमाणात धूळ दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ घेतल्यावर दिसतो. सुरुवातीला काहीच त्रास नसतो.
- वेगाने वाढणारा: जास्त धुळीत पाच ते दहा वर्षांत होतो.
- तीव्र: अतिशय दाट धुळीत काही आठवड्यांपासून काही वर्षांत होतो. हा जीवघेणा असतो.

सर्वांत वाईट बाब ही की काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. म्हणून “त्रास झाला की काम बंद करू” हा विचार इथे उपयोगाचा नाही. त्रास जाणवतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

आपल्याकडे याला आणखी एक जोड मिळते, ती क्षयरोगाची. सिलिकाने दुबळ्या झालेल्या पेशी टीबीच्या जंतूला नीट अडवू शकत नाहीत, त्यामुळे सिलिकोसिस झालेल्यांना टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. दोन्ही आजारांत खोकला, दम आणि वजन घटणे ही लक्षणे येतात, आणि एक्स-रेही काही वेळा सारखेच दिसतात. त्यामुळे निदानात गोंधळ होऊ शकतो. याशिवाय सिलिकामुळे फुप्फुसाचा कर्करोग, श्वासनलिकांचा जुनाट आजार, मूत्रपिंडाचे आजार आणि संधिवातासारखे आजार होण्याचा धोकाही वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच स्फटिकरूप सिलिकाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आहे.

कोणत्या पद्धतीत किती धूळ?

१. रेघ मारून तोडणे. सरळ कटसाठी ही सर्वांत चांगली पद्धत. मोठ्या टाइलसाठी सक्शन कपने चिकटणारी लांब पट्टी मिळते. तिच्यावरून कठीण धातूचे चाक एकदाच, सारख्या दाबाने फिरवायचे आणि मग पक्कडीने किंवा टेबलाच्या काठावर दाब देऊन टाइल तोडायची. धूळ जवळजवळ होतच नाही, आवाज नाही, वीजही लागत नाही. टाइल सपाट आणि पूर्ण आधार असलेल्या टेबलावर असायला हवी, नाहीतर ती भलतीकडेच तडकते.

२. पाण्याखाली कापणे. ब्लेडवर सतत पाणी पडत असेल तर धूळ जागीच भिजते आणि हवेत फार कमी उडते. पाण्याचा बारीक तुषार उडतोच, म्हणून मास्क मात्र इथेही हवा. पोर्सेलीनसाठी सलग कडेचे डायमंड ब्लेड वापरा. दातेरी ब्लेडने कडा फुटतात आणि टोकदार कपच्या उडतात.

३. कोरड्या ग्राइंडरने कापणे. सर्वांत जास्त प्रचलित आणि सर्वांत घातक. त्यातही दोन कामे वाईट: कोपऱ्यात दोन टाइल जुळवण्यासाठी कडा ४५ अंशात घासणे आणि बसवलेली टाइल जागेवरच कापणे. दोन्ही वेळा तोंड ब्लेडच्या अगदी जवळ असते. नाइलाज असेल तर धूळ ओढणारे आवरण आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम जोडा, आणि काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ न करता, वारा बाजूने जाईल असे उभे राहून करा.

४. होल मारणे. नळासाठी किंवा गिझरसाठी डायमंडचे पोकळ बिट वापरा. हॅमर मोड बंद ठेवा. हे बिट ठोकून नाही, घासून भोक पाडते. सुरुवातीला बिट थोडे तिरके धरा, खाच पडली की सरळ करा. वेग कमी आणि हाताचा दाब हलका ठेवा. ओला स्पंज लावून किंवा भोकाभोवती पुट्टीचे छोटे आळे करून त्यात पाणी ठेवा. बिट गार राहते आणि धुळीचा चिखल होतो. स्विच बोर्डासाठी चौकोन कापताना आधी चारही कोपऱ्यांत छोटी भोके पाडा आणि मग ती कटने जोडा. कोपरा टोकदार राहिला तर टाइल तिथूनच चिरते आणि हातातच फुटते.

काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नका. खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते. पाणी शिंपडून पुसून घ्या. ओला चिखलही ओला असतानाच गोळा करा, कारण वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक कण मागच्या बाजूने बाहेर फेकतो, तो वापरू नका.

मास्क कोणता आणि कसा?

नाका-तोंडाला गमछा बांधल्याने जाड धूळ अडते आणि आपण सुरक्षित आहोत असे वाटते. जे कण आजार करतात ते कापडाच्या विणीतून सहज आत जातात. सर्जिकल मास्कही कडेने उघडाच असतो.

कमीत कमी एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क हवा. भारतीय मानकाप्रमाणे त्यावर आयएस ९४७३ असा उल्लेख असतो. रोज तासन्‌तास कापण्याचे काम असेल तर बदलता येणारे फिल्टर असलेला रबरी अर्धमुखवटा घ्या. सुरुवातीचा खर्च जास्त, पण तो घट्ट बसतो आणि पुढे फक्त फिल्टर बदलावे लागतात. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. दाढी असेल तर कडेने फट राहते आणि चांगला मास्कही निरुपयोगी होतो. घामाने भिजलेला, मळलेला किंवा श्वास घ्यायला जड जाणारा मास्क बदला.

हेल्परला मास्क द्यायला विसरू नका. कटर मिस्त्रींच्या हातात असतो, पण टाइल धरून समोर बसलेल्या मुलाच्या तोंडावर धूळ जास्त येते.

कामाचे कपडे घरी झटकू नका. कामावरच बदला, वेगळ्या पिशवीत आणा आणि थेट पाण्यात भिजवा. धुळीचे कपडे झटकून धुणाऱ्या व्यक्तीच्या श्वासातही तीच धूळ जाते.

घरात काम चालू असताना तुम्ही काय कराल?

आठ-दहा दिवस घरात टाइलचे काम झाले म्हणून कुटुंबाला सिलिकोसिस होत नाही, याची भीती बाळगू नका. मात्र दमा असलेली व्यक्ती, लहान मुले, गरोदर स्त्री, वयस्कर आणि हृदयाचे रुग्ण यांना या धुळीने खोकला, दम्याचा झटका किंवा घशाचा त्रास होऊ शकतो. त्यांना शक्य असेल तर कापण्याच्या दिवसांत दुसरीकडे राहू द्या. दमा असेल तर नेहमीचा इनहेलर चुकवू नका.

कापण्याची जागा घराबाहेर, गच्चीत किंवा अंगणात ठेवा. दाराला ओला पडदा किंवा प्लास्टिक लावा. काम ठरवताना “पाण्याने कापणार ना?” हे आधीच विचारा. त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून दरही थोडा जास्त असू शकतो. तो द्या. “आजच संपवा” असा तगादा लावला की पहिला बळी पाणी आणि मास्क यांचाच जातो.

डोळ्यांची इजा

चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो. त्यातून सुटलेली कपची थेट बुबुळात रुतू शकते. साधा चष्मा पुरत नाही. बाजूने बंद असलेला सुरक्षा चष्मा लावा.

- कण गेला असेल तर: चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, डोळ्याची उघडझाप करा. रुमालाचे टोक, कापूस किंवा काडी डोळ्यात घालू नका. खुपणे थांबले नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.
- कपची रुतली असेल, रक्त आले असेल किंवा अचानक कमी दिसत असेल तर: धुवू नका, दाबू नका, काही ओढून काढू नका. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी कप ठेवून पट्टीने धरा आणि तातडीने रुग्णालयात जा.
- सिमेंट, टाइलचा गोंद किंवा ग्राउट गेला असेल तर: यात अल्कली असते, ती डोळा आतपर्यंत जाळते. पापणी उघडी धरून किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि मगच निघा. इथे रुग्णालय गाठण्यापेक्षा धुणे आधी महत्त्वाचे आहे.

मेडिकलमधून परस्पर थेंब आणून टाकू नका. सुन्न करणाऱ्या किंवा स्टेरॉइडच्या थेंबांनी बरे वाटते, पण बुबुळाची जखम चिघळू शकते.

हाताच्या जखमा

तुटलेल्या टाइलची कड काचेसारखी धारदार असते. जखम बाहेरून बारीक दिसते, पण आतली नस किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. बोट पूर्ण वाकत किंवा सरळ होत नसेल, टोक बधिर असेल, तर दोन टाके घालून भागत नाही. हातावर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे घट्ट दाबा, मध्येच उघडून पाहू नका. हात वर धरा, अंगठी काढा. हळद, चहा पावडर किंवा सिमेंट भरू नका. पाच वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल तर ती घ्या.

बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नका. १०८ ला फोन करा.

ग्राइंडरचे गार्ड काढू नका. सैल बाही, गळ्यातला गमछा, लोंबणारा धागा पात्यात अडकू शकतो.

शॉक, आवाज आणि वजन

साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतत कापणे धोक्याचे आहे. पाण्याची नळी जोडण्याची सोय मूळचीच असलेले मशीन वापरा आणि ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर चालवा. वायर पाण्यातून नेऊ नका. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. श्वास नसेल तर १०८ ला कळवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा.

आवाजाचे गणित असे: ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन होतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. कटर १०० डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे फक्त १५ मिनिटे! कानात प्लग घाला. संध्याकाळी कानात शिट्टी वाजत असेल तर तो इशारा समजा.

नऊ मिमी जाडीची दोन बाय चार फुटांची टाइल साधारण १५ किलो, ८०० बाय १६०० ची २७ किलो आणि १२०० बाय २४०० चा स्लॅब ६० किलोच्या आसपास भरतो. मोठा स्लॅब दोघांनी, सक्शन कपच्या हँडलने, उभा धरून न्या. कंबर वाकवून उचलू नका.

डॉक्टरांकडे कधी जाल?

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला
- जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम
- वजन घटणे, संध्याकाळचा ताप, रात्री घाम
- थुंकीतून रक्त, छातीत दुखणे

कोणताही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षे हे काम करणाऱ्यांनी छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी ती पुन्हा करावी. जुने एक्स-रे फेकू नका, तुलनेला लागतात. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

दवाखान्यात “काम काय करता?” विचारले की उत्तर येते, “मिस्त्रीकाम.” तेवढे पुरेसे नाही. “बारा वर्षे टाइल कापतो, बहुतेक कोरडी” असे सांगा. कारखान्यातल्या कामगाराची निदान हजेरी असते. घरोघरी काम करणाऱ्या माणसाच्या धुळीची नोंद कुणीच ठेवत नाही. ती त्याच्या स्वतःच्या तोंडूनच डॉक्टरांपर्यंत पोहोचते. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगारांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीही करून ठेवावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गूळ खाल्ल्याने धूळ निघून जाते का?
नाही. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत. दूध, केळी, काढा यांचेही तेच.

इतकी वर्षे काही झाले नाही, मग आता मास्क कशाला?
आजार उशिरा दिसतो, म्हणूनच. आजपासून कमी घेतलेली प्रत्येक ग्रॅम धूळ फायद्याचीच असते.

ग्रॅनाइट आणि क्वार्ट्‌झचे ओटे कापणे टाइलपेक्षा सुरक्षित आहे का?
उलट आहे. संगमरवरात सिलिका खूप कमी असते, ग्रॅनाइटमध्ये भरपूर, तर कृत्रिम क्वार्ट्‌झ स्लॅबमध्ये ९० टक्क्यांहूनही जास्त असू शकते. तरुण कामगारांना झालेल्या सिलिकोसिसमुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असे कृत्रिम दगड वापरण्यावर बंदी घातली.

बीडी-सिगारेट ओढत असेन तर?
धूळ आणि धूर एकत्र आले की फुप्फुसाचे नुकसान आणि कर्करोगाचा धोका दोन्ही वाढतात. सोडणे कोणत्याही वयात उपयोगी आहे.

सिलिकोसिस झाला तर उपाय काय?
पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धुळीपासून लगेच दूर होणे. टीबीची तपासणी, फ्लू व न्यूमोनियाच्या लसी, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे आणि गरज पडल्यास ऑक्सिजन यांनी त्रास कमी करता येतो. झालेले चट्टे मात्र पुसता येत नाहीत.

उद्या काम सुरू करण्याआधी एवढे तपासा: पाणी जोडले आहे, मास्क घट्ट बसला आहे, चष्मा डोळ्यावर आहे, गार्ड जागेवर आहे, आरसीसीबी चालू आहे आणि हेल्परलाही मास्क मिळाला आहे. यातली एकही गोष्ट कमी असेल तर कटर चालू करू नका.